जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं खाणं-पिणं: तयारीपासून पहिल्या मऊ घासापर्यंत

जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं वजन पहिल्या काही आठवड्यांत झरझर उतरतं. उठताना चक्कर येते, चिडचिड होते, जखम भरायला वेळ लागतो. घरच्यांना कळत नाही, कारण ते तर दिवसभर काही ना काही पाजतच असतात. नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: जे पाजलं जातंय ते जवळपास नुसतं पाणीच असतं. २५० मिलि गाळलेलं भाज्यांचं सूप प्यायलं की पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्यातून जेमतेम ३० ते ५० कॅलरी मिळतात. तेवढ्याच मापाच्या, विचार करून बनवलेल्या दाटसर सूपमधून ३०० मिळू शकतात. एकेक घोट घ्यायला कष्ट पडत असताना हा फरक फार मोठा आहे.

दुसरी गल्लत म्हणजे पाणी आणि अन्न एकाच हिशेबात धरणं. "आज दोन लिटर गेलं पोटात" एवढ्यावर समाधान मानलं जातं, आणि त्यातलं अन्न किती हे कुणी विचारत नाही. उलटही होतं: दाट शेक तीन-चार वेळा दिले जातात, साधं पाणी मात्र राहून जातं. म्हणून या लेखात पाणी आणि अन्न ही दोन वेगळी खाती मानली आहेत.

जबडा तारेने बांधलेला असो, रबरांनी धरलेला असो किंवा आतून पट्ट्या आणि स्क्रू बसवून मोकळा ठेवलेला असो, खालचा क्रम सगळ्यांना लागू पडतो. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर खालचे आकडे वापरण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १: शस्त्रक्रियेच्या आधीचा आठवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणजे काहीच केलं जात नाही. घरी आल्यावर तोंड सुजलेलं असतं, बोलता येत नाही, झोप झालेली नसते. त्या अवस्थेत गाळणी शोधायची वेळ येऊ नये.

ही सामग्री आधीच घरात हवी:

- ५० ते ६० मिलिच्या दोन-तीन सिरिंज आणि त्यांच्या टोकाला बसणारी मऊ रबरी नळी. दाबून पाजता येणारी निमुळत्या तोंडाची बाटलीही चालते. सर्जनला कोणतं साधन पसंत आहे ते विचारून घ्या.
- चांगला मिक्सर आणि अगदी बारीक जाळीची गाळणी.
- मापाचा कप, मापाचे चमचे, वजनकाटा.
- लहान मुलांचा मऊ ब्रश आणि तोंडातला आरसा.
- फळा-खडू किंवा वही-पेन. "गरम आहे", "थांब", "मळमळतंय" हे सांगता आलं पाहिजे.
- दुधाची पावडर, ओट्स, शेंगदाण्याचं गुळगुळीत लोणी, डाळी, तेल. चालत असेल तर प्रोटीन पावडर.

पावडर किंवा तयार पोषक पेय आधी एकदा पिऊन बघा. चव आवडत नसेल किंवा पोट बिघडत असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. दूध पचत नसेल तर सोया दुधावर किंवा डाळींवर आधारलेला बेत ठरवून ठेवा.

डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा. स्ट्रॉ चालेल का आणि कधीपासून? रोजच्या गोळ्या पातळ औषधात मिळतील का? जबडा बांधला जाणार असेल, तर अडचणीच्या वेळी कोणती तार किंवा कोणतं रबर कापायचं?

> सावधान: गोळ्या स्वतःच्या मनाने कुटून पाण्यात मिसळू नका. काही गोळ्या हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात, काहींवर पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. त्या कुटल्या की पूर्ण मात्रा एकदम अंगात जाते किंवा औषध वाया जातं.

आणखी एक काम: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसांतलं वजन लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तुलना याच आकड्याशी होणार आहेत. "आधी बहुतेक बासष्ट होतं" अशा अंदाजाचा उपयोग होत नाही.

## टप्पा २: स्वतःचे तीन आकडे काढा

मोठ्या माणसासाठी सर्वसाधारण हिशेब असा:

१. कॅलरी: दर किलो वजनामागे साधारण ३०
२. प्रथिनं: दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम
३. एकूण द्रव: दर किलोमागे ३० ते ३५ मिलि

६० किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला सुमारे १८०० कॅलरी, ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं आणि १.८ ते २.१ लिटर द्रव. वजन खूप जास्त किंवा खूप कमी असेल, तर हा हिशेब आहारतज्ज्ञाकडून करून घ्या.

हे आकडे पहिल्याच दिवशी गाठता येणार नाहीत, आणि गाठायची घाईही नको. पण ते मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावा. पाजणाऱ्याला आपण कुठे पोहोचलोय हे दिसलं पाहिजे.

## टप्पा ३: पहिले दोन-तीन दिवस, आधी पाणी

सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. ओठ बधिर असतात, नाक चोंदलेलं असतं, गिळताना श्वास धरावा लागतो. या दिवसांत पहिलं ध्येय पाण्याचं. लघवी नीट होऊ लागली, पाणी पोटात टिकू लागलं, की मग दाट पदार्थांकडे वळायचं. पहिल्याच संध्याकाळी भरपूर दाट शेक दिला की मळमळ होते, आणि एकदा उलटी झाली की रोगी पुढचे दोन दिवस तोंडाजवळ काही येऊ देत नाही.

पाजण्याची रीत अशी:

१. रोग्याला ताठ बसवा, मान किंचित पुढे. आडवं असताना काहीही पाजू नका.
२. द्रव कोमट किंवा सामान्य तापमानाचं असावं. हनुवटी आणि खालचा ओठ बधिर असल्याने भाजलं तरी रोग्याला कळत नाही. म्हणून पाजणाऱ्याने आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघावा.
३. नळीचं टोक गालाच्या कोपऱ्यात, दात आणि गाल यांच्या मधल्या पोकळीत ठेवा. टाक्यांना टोचू देऊ नका. जबडा बंद असला तरी दातांच्या फटींतून आणि शेवटच्या दाढेच्या मागून द्रव आत जातं.
४. एका वेळी सुमारे ५ मिलि, हळू. गिळू द्या, नाकाने श्वास घेऊ द्या, मग पुढचं.
५. शक्य होताच सिरिंज रोग्याच्या स्वतःच्या हातात द्या. गिळण्याची लय त्यालाच कळते, आणि दुसऱ्याच्या हाताने पिण्याची भीती जाते.
६. संपल्यावर अर्धा तास बसूनच राहू द्या.

सुरुवातीला २०० मिलि संपायला अर्धा तास लागू शकतो. हे ठीक आहे. घाई केली तर ठसका लागतो, आणि जबडा बांधलेला असताना ठसक्याची जी धास्ती बसते ती लवकर जात नाही.

साध्या पाण्यासोबत ओआरएस चालेल. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चमचे सपाटच हवेत, शिगोशीग नको. मीठ जास्त झालं तर ते अपायकारक ठरतं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी विचारा.

> सावधान: स्ट्रॉची परवानगी स्पष्ट मिळेपर्यंत स्ट्रॉ नको. ओढण्याच्या जोरामुळे जखमेतून पुन्हा रक्त येऊ शकतं.

> सावधान: वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर नाक शिंकरू नका. प्यायलेलं नाकातून बाहेर येत असेल तर त्याच दिवशी सर्जनला कळवा.

तपासा: लघवी फिकट पिवळी आहे का? गडद असेल, दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पाणी कमी पडतंय. आठ तासांत लघवीच झाली नाही तर फोन करायला थांबू नका.

## टप्पा ४: पातळ पण भरीव

पाणी टिकायला लागलं की खरं काम सुरू. आता प्रत्येक कपात जास्तीत जास्त पोषण भरायचं, आणि तरीही तो नळीतून गेला पाहिजे.

सगळ्यात सोपा पाया दुधाचा. १ लिटर सायीसकट दुधात १०० ग्रॅम स्निग्धांशविरहित दुधाची पावडर गुठळ्या न होऊ देता घोटा. या एका भांड्यात सुमारे १००० कॅलरी आणि ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाची निम्म्याहून जास्त गरज इथेच भागते. पुढे शेक, लापशी, सूप जे काही कराल त्यात साध्या पाण्याऐवजी हेच दूध वापरा. सुरुवात मात्र निम्म्या पावडरीने करा. एकदम पूर्ण दिलं तर गॅस किंवा जुलाब होऊ शकतात.

दुसरा पाया डाळीचा. ३० ग्रॅम कोरडी डाळ आणि एक लहान बटाटा अगदी मऊ शिजवा, मिक्सरमधून काढा, १ मोठा चमचा तेल घाला, पुन्हा फिरवा आणि गाळा. पातळ करून २५० मिलि करा. यात साधारण ३०० कॅलरी असतात आणि त्यातल्या १२० एकट्या तेलाच्या. तेल, लोणी किंवा साय घालायला लोक कचरतात, "आजारी माणसाला जड होईल" म्हणून. पोटाचा वेगळा विकार नसेल तर या काळात स्निग्ध पदार्थ हे कमी जागेत जास्त ताकद देणारं साधन आहे. फक्त एकदम नाही, चमच्या-चमच्याने वाढवा.

भर घालण्यासाठी काही मापं लक्षात ठेवा:

- शेंगदाण्याचं लोणी, १ मोठा चमचा: सुमारे ९५ कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं
- एक अंडं: सुमारे ७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं. पूर्ण उकडून मगच सूपमध्ये वाटा. कच्चं अंडं शेकमध्ये घालू नका.
- मध्यम केळं: सुमारे १०० कॅलरी

वर दिलेलं १ लिटर पावडरयुक्त दूध, दोन वेळा डाळीचं सूप, एक केळं आणि एक चमचा शेंगदाण्याचं लोणी एवढं पोटात गेलं तर १८०० कॅलरींच्या जवळ आणि ८५ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे आपण पोहोचतो. मांसाहार चालत असेल तर मऊ शिजवलेलं चिकन किंवा मासा सूपमध्ये वाटून घ्या. नुसतं उकळलेलं पाणी गाळून देऊ नका, कारण प्रथिनं मांसात राहतात.

गाळण्याबद्दल दोन शब्द. प्रत्येक पदार्थ गाळायचा, "मिक्सरमध्ये बारीक झालंय" म्हणून सोडायचा नाही. टोमॅटोच्या बिया, फळांची साल, डाळीचं टरफल, मांसाचे धागे हे तारांत आणि टाक्यांजवळ अडकतात आणि तिथेच कुजतात. तीळ आणि बारीक बियांची फळं या काळात टाळलेलीच बरी. गाळणीत राहिलेला चोथा मात्र लगेच फेकू नका: थोडं दूध घालून पुन्हा फिरवा आणि पुन्हा गाळा. बराचसा ऐवज त्यातच असतो.

तपासा: बनवलेला पदार्थ सिरिंजमध्ये भरा आणि भांड्यावर धरून अंगठ्याने हलकेच दाबा. सलग धार आली तर योग्य. अडकून एकदम पिचकारी उडाली तर पातळ करा, पण पाण्याने नाही, दुधाने किंवा सूपने.

एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका. उरलेलं लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा देताना उकळा आणि मग कोमट होऊ द्या. सिरिंज आणि नळी प्रत्येक वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. नळीच्या आत दुधाचा थर राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

## टप्पा ५: दिवसाचा क्रम आणि दोन खाती

तीन वेळा पोटभर हे गणित आता चालत नाही. दर दोन तासांनी १५० ते २५० मिलि, दिवसातून सात-आठ वेळा. भूक लागायची वाट पाहू नका. वेदनाशामकं, सूज आणि कंटाळा यांमुळे भूक लागतच नाही. गजर लावा.

क्रमही महत्त्वाचा. आधी अन्न, मग थोडं थांबून पाणी. पाणी आधी दिलं तर पोट भरतं आणि शेक अर्धा उरतो. सकाळी ताकद जास्त असते, म्हणून सगळ्यात दाट आणि भरीव पेय सकाळच्या दोन वेळांत द्या. रात्री उशिरा भरपूर पाजू नका.

वहीत दोन रकाने करा. पहिल्यात अन्न: काय, किती मिलि, किती उरलं. दुसऱ्यात एकूण द्रव. दूध आणि सूपमध्येही बहुतांश पाणी असतं, त्यामुळे ते दुसऱ्या रकान्यात धरायला हरकत नाही. पण साधं पाणी, चहा, नारळपाणी, गाळलेला रस हे पहिल्या रकान्यात कधीच लिहायचं नाही. एवढा एक नियम पाळला तरी उपासमार वेळेत लक्षात येते.

फळांच्या रसावर विसंबू नका. त्यात प्रथिनं नसतात, आम्लाने तोंडातल्या जखमा चुरचुरतात आणि साखर दातांना चिकटून राहते, तीही नीट ब्रश करता येत नसताना.

आठवड्यातून दोनदा, सकाळी लघवीनंतर, सारख्याच कपड्यांत वजन करा. महिन्याच्या आत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो गेले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञाशी बोला.

> सावधान: मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत चालू आणि खाणं मात्र निम्म्यावर, ही जोडी धोक्याची आहे. रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. मात्रा आधीच ठरवून घ्या.

> सावधान: पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळपास काहीच गेलं नसेल, तर भरपाई म्हणून एकदम जास्त पाजू नका. दीर्घ उपासानंतर अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातले क्षार धोकादायक रीतीने बदलू शकतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करा.

## टप्पा ६: प्रत्येक वेळी तोंड धुणं

हे काम खाण्याचाच भाग समजा. तोंडात घाण वास आणि चिकटपणा असला की पुढचा कप नको वाटतो, आणि जंतुसंसर्ग झाला तर सगळंच लांबतं.

आधी सिरिंजने साधं पाणी गालांच्या पोकळीत फिरवून अडकलेलं दूध धुऊन काढा. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा, जोरात खळखळ न करता. सर्जनने सांगितल्या दिवसापासून मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू, तारांसकट, हळूवार घासा. औषधी माउथवॉश दिलं असेल तर ते सांगितलं तेवढंच वापरा.

## टप्पा ७: बिघाड झाला तर

उलटी: जबडा बांधलेल्या रोग्याला सगळ्यात जास्त भीती हिचीच असते. पोटात फक्त पातळ पदार्थ असल्याने उलटीही पातळच असते आणि दातांच्या फटींतून, गालाच्या बाजूने बाहेर पडू शकते. लगेच पुढे वाका, डोकं खाली, बोटांनी गाल आणि ओठ बाजूला ओढा, बाहेर येऊ द्या. मग पाण्याने तोंड धुवा. श्वास अडकतोय असं दिसलं तरच तार किंवा रबर कापायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं. त्यासाठी तार कापायचा कटर किंवा छोटी कात्री रोग्याच्या अंगावर हवी: झोपताना, अंघोळीला, बाहेर जाताना. कपाटात ठेवलेला कटर उपयोगाचा नाही. मळमळ सुरू झाली की सहन करत बसू नका, औषध मागून घ्या.

बद्धकोष्ठता: जवळपास प्रत्येकाला होते. चोथा नसलेला आहार, कमी हालचाल आणि काही वेदनाशामकं यांमुळे. पाणी वाढवा, ओट्सची गाळलेली लापशी आणि भिजवून वाटलेल्या सुक्या आलुबुखाऱ्याचं गाळलेलं पाणी द्या, घरात चालायला लावा. इसबगोल स्वतःहून देऊ नका. ते फुगून घट्ट होतं आणि बांधलेल्या तोंडात अडकू शकतं.

जुलाब: दूध किंवा पावडर एकदम वाढवली का, ते आधी पाहा. दोन दिवस मागे जाऊन पुन्हा हळूहळू वाढवा.

श्वासाला त्रास, थांबत नसलेलं लाल रक्त, ताप, पू किंवा तीन-चार दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढत जाणारी सूज यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

## टप्पा ८: पातळापासून मऊ घासापर्यंत

इथली चूक नेहमी उलट दिशेची असते. दुखणं थांबतं, सूज उतरते, माणूस वैतागलेला असतो आणि एक दिवस पोळीचा तुकडा किंवा टोस्ट तोंडात टाकतो. हाड पुरेसं जुळून यायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर पट्ट्या आणि स्क्रू हाडाला जागेवर धरून असतात; चावण्याचा जोर पेलायला ते बसवलेले नाहीत. न दुखणं म्हणजे चावायची परवानगी नव्हे.

सर्जन प्रत्येक पायरीला होकार देईल तसं पुढे जा:

१. नळीतून जाणारं पातळ
२. चमच्यावर सरबरीत टिकणारं: दाट सूप, दही, गाळलेली लापशी
३. न चावता जिभेने टाळूवर दाबून मोडणारं: कुस्करलेला बटाटा, मऊ भात, मऊ अंडं, पिकलेलं केळं
४. थोडं चावावं लागणारं, छोटे तुकडे करून
५. नेहमीचं जेवण. कडक, चिवट आणि ओढून तोडावे लागणारे पदार्थ सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या पायरीसाठी परीक्षा सोपी: पदार्थ काट्याने नुसता दाबला आणि पूर्ण मोडला तर चालेल. सुरी लागली तर थांबा.

पायरी बदलली की काही दिवस वजन पुन्हा घसरतं, कारण मऊ घास खायला वेळ लागतो आणि लोक शेक लगेच बंद करतात. पावडरयुक्त दुधाचे निदान दोन कप चालू ठेवा आणि वजन सलग दोन आठवडे स्थिर राहिल्यावरच कमी करा. कटर मात्र शेवटची तार किंवा रबर निघेपर्यंत खिशातच असू द्या.